घरासाठी कॉम्प्युटर घेताय? विंडोज, मॅक की लिनक्स हे ठरवायची रीत

कोल्हापुरात फुटबॉलची टीम कुणी विचार करून निवडत नाही. ज्या गल्लीत वाढलो तिथल्या तालमीची टीम आपली. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की शाहू स्टेडियमवर कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे घरातूनच ठरून आलेलं असतं. त्यात वाईट काही नाही. पण कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) कुठली घ्यायची, विंडोज, मॅक की लिनक्स, याबद्दलही लोक त्याच ईर्षेनं सल्ला देतात, तेव्हा नवख्या माणसाचं नुकसान होतं. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, मॅकच घे. दुकानदार म्हणतो, ताई, विंडोजशिवाय काही चालत नाही. शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणतो, काकी, लिनक्स टाका, फुकट आहे. तिघंही आपापल्या कामापुरतं खरं बोलत असतात. तुमचं काम काय आहे, हे मात्र तिघांनाही माहीत नसतं.

मी शाहूपुरीत अठरा वर्षं मराठी टायपिंग आणि डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. ओळखीतलं कुणी कॉम्प्युटर घेणार असलं की एकदा माझ्याकडे येतं. त्या सगळ्यांना मी जे सांगते, ते क्रमानं इथं लिहिते. पैसे खिशातून काढायच्या आधी निदान पहिल्या दोन पायऱ्या नक्की करा.

पहिली पायरी: आठवडाभर वही लिहा

एक साधी वही घ्या. आठवडाभरात घरातल्या प्रत्येकानं मोबाईलवर, ऑफिसात किंवा नेट कॅफेत जे काम केलं आणि जे घरच्या कॉम्प्युटरवर करायला आवडलं असतं, ते लिहून काढा. मग प्रत्येक कामापुढं एक अक्षर टाका.

‘ब’ म्हणजे ब्राउझरमधलं, इंटरनेटची पानं उघडणाऱ्या ॲपमधलं काम. लाइट बिल, रेल्वेचं तिकीट, डिजिटल सातबारा, बँक, यूट्यूब, ईमेल, व्हिडिओ कॉल. ही कामं कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच होतात.

‘क’ म्हणजे ज्याला सॉफ्टवेअर लागतं, पण कुठलंही चालतं. पत्र लिहिणं, घरखर्चाचा तक्ता, फोटो जपून ठेवणं, पीडीएफ वाचणं.

‘ठ’ म्हणजे ठरावीक सॉफ्टवेअरशिवाय न होणारं काम. वहीत ‘ठ’ किती वेळा आलाय, हे मी सगळ्यांत आधी बघते.

माझे मावसभाऊ शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडते आहेत. मुलाच्या हट्टानं मॅक बघून आले होते, घ्यायचं जवळजवळ नक्की झालं होतं. त्यांच्याकडून वही लिहून घेतली. पंधरा कामं ‘ब’ आणि ‘क’, आणि एकच ‘ठ’: हिशेबाचं टॅली. टॅलीप्राइम हे विंडोजसाठीच केलेलं सॉफ्टवेअर आहे. मॅकच्या पोटात विंडोज बसवून ते चालवायची वाट आहे. पण त्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर आणि विंडोजचा परवाना लागतो, आणि ऐन मार्चअखेर काही अडलं तर टॅली शिकवणारा माणूस ‘मला मॅकमधलं कळत नाही’ म्हणून हात वर करतो. त्या एका कामानं निर्णय झाला. दादांनी विंडोजचा लॅपटॉप घेतला.

कोल्हापुरातल्या घरांत नेहमी दिसणारी ‘ठ’ कामं सांगते. हिशेबाला टॅली. इंजिनिअरिंगच्या मुलांना सॉलिडवर्क्स, आर्किटेक्चरवाल्यांना रेव्हिट. दोन्ही विंडोजवरच चालतात. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, लिनक्ससाठी नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीच्या, मशिन शॉपच्या डिझाइनच्या कामाला पोरगं जाणार असेल तर विंडोज घेऊन मोकळं व्हा. व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्याला फायनल कट प्रो हवं असेल तर तेवढ्यासाठी मॅक, कारण ते मॅकवरच आहे. टेंडर भरणारे, जीएसटी किंवा कंपनीचे कागद स्वतः दाखल करणारे यांच्याकडे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो. तो कुठं विनासायास चालतो हे तुमच्या सीएला विचारा. बहुतेक जण विंडोज सांगतील.

कॉलेजचा प्रवेश असेल तर सॉफ्टवेअरची यादी विभागाकडून लिहून आणा. ‘सगळ्यांकडं असतो तसला लॅपटॉप’ एवढ्या माहितीवर साठ हजार घालवू नका.

आणि वहीत एकही ‘ठ’ नसेल, तर तुम्ही खरोखर मोकळे आहात. बहुतेक घरं इथंच मोडतात, आणि त्यांना ते सांगणारं कुणी भेटत नाही.

दुसरी पायरी: घरात पडलेलं मशिन आधी तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. ते मशिन बंद पडत नाही, पण नव्यानं सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट येत नाहीत. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ते अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, एवढीच मुदतवाढ. ज्या मशिनवर बँकेचा व्यवहार होतो, ते त्यानंतर तसंच वापरू नका.

विंडोज ११ प्रत्येक जुन्या मशिनवर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. आय३ किंवा आय५ च्या पुढचा आकडा ८, ९, १०, ११ असा सुरू होत असेल, जसं ८२५०, तर बहुधा काम होईल. ४, ५, ६ नं सुरू होत असेल तर होणार नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत साधनही नेमकं उत्तर देतं. उत्तर ‘नाही’ असं आलं आणि प्रोसेसर मात्र नवा असेल, तर टीपीएम फक्त बंद ठेवलेलं असू शकतं. बायोसमध्ये, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू करता येतं. हे जाणत्या माणसाकडून करून घ्या.

नाहीच चढलं, तर मशिन भंगारात देण्याआधी दोन गोष्टी करा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम (चालू कामापुरती मेमरी) आठ जीबी करा. मग त्यावर लिनक्स मिंट टाका (लिनक्सचा एक सोपा प्रकार, पुढं सांगते). माझ्या वडिलांचा लॅपटॉप २०१४ सालचा आहे. सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, वडील तोवर चहा करून यायचे. आता ते त्याच लॅपटॉपवर रोज वर्तमानपत्र वाचतात, कुस्त्या बघतात, पुण्यातल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यांच्या वहीत फक्त ‘ब’ होते.

तिसरी पायरी: चौघांची ओळख

*विंडोज* सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि घरगुती वापरात ही मोठी गोष्ट आहे. एमएस-सीआयटीच्या क्लासात बहुतेकांनी हेच शिकलेलं असतं. अडलं तर गल्लीत निदान दोघांना तरी यातलं कळतं. तुमच्या घरात अडचण सोडवणारं कुणी नसेल आणि वहीत एखादा ‘ठ’ असेल, तर जास्त विचार करू नका.

*मॅक* चांगलं मशिन आहे आणि महाग आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो, फारसा तापत नाही, आणि चार्जर न लावता दिवस काढतो. मार्च २०२५ मध्ये एम४ चा मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून सुरू झाला. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जे घेतलं तेच शेवटपर्यंत. घरात आयफोन असेल तर फोटो, फाइली इकडून तिकडं नेणं फार सोपं होतं.

सेकंडहँड मॅक घेणाऱ्यांसाठी हे वाक्य दोनदा वाचा: इंटेल प्रोसेसरवाला जुना मॅक स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. २०२५ मध्ये आलेली टाहो ही आवृत्ती इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आहे, आणि तीही त्यांतल्या मोजक्याच मॉडेलांवर चालते. घ्यायचाच तर एम१ किंवा पुढचा.

*क्रोमबुक* म्हणजे जवळजवळ नुसता ब्राउझर असलेला लॅपटॉप. वहीत सगळे ‘ब’ असतील, घरात इंटरनेट पक्कं असेल, तर चालेल. प्रत्येक मॉडेलला अपडेटची शेवटची तारीख ठरलेली असते. नव्या मॉडेलांना दहा वर्षं. जुना घेत असाल तर ती तारीख बघूनच घ्या.

*लिनक्स*बद्दल जास्त लिहिते, कारण त्याच्याबद्दल भीती जास्त आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये याचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांना खुला केला. त्या गाभ्यावर वेगवेगळ्या गटांनी पूर्ण प्रणाल्या बांधल्या. उबुंटू २००४ पासून आहे, मिंट २००६ पासून. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि हे पूर्ण कायदेशीर आहे. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात, त्यामुळं ‘ते फक्त इंजिनिअरचं’ ही समजूत सोडून द्या. नवख्यांना मी मिंट देते. खाली डावीकडं मेनू, उजवीकडं घड्याळ. विंडोज वापरलेला हात अर्ध्या तासात रुळतो. एलटीएस म्हणतात ती आवृत्ती घ्या, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात.

अडचणीही सांगते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर बसत नाही. त्याऐवजी लिबरऑफिस असतं. पत्र, बायोडाटा, हिशेबाचा तक्ता त्यात नीट होतो, पण ऑफिसातून आलेली गुंतागुंतीची वर्ड फाइल उघडली तर तक्ते आणि पानं हलू शकतात. कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही छोटे, जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. आणि तिसरं, दुरुस्तीला येणारा माणूस लिनक्स बघून पहिली गोष्ट विंडोज टाकायचीच काढतो. म्हणून ज्याला विचारता येईल असं एक तरी माणूस ओळखीत असू द्या.

यातली सगळ्यांत उपयोगाची सोय अशी की लिनक्स बसवायच्या आधी वापरून बघता येतं. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलीत) उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते. रुफस किंवा बलेना एचर या मोफत साधनानं ती पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे आधी बघा. मग मशिन बंद करून पेन ड्राइव्ह लावा, सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा (कंपनीप्रमाणं बटण बदलतं) आणि पेन ड्राइव्ह निवडा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होईल, तुमच्या डिस्कला हात लागणार नाही. तिथं वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, स्क्रीनचा उजेड कमीजास्त होणं, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, हे सगळं तपासा. निदान एक अख्खी संध्याकाळ वापरा. पटलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, जुनं जसंच्या तसं आहे.

चौथी पायरी: मराठीची परीक्षा

हे कुणीच सांगत नाही, आणि माझं पोट याच्यावर आहे म्हणून जीव तोडून सांगते.

तुमच्या जुन्या मराठी फाइली कशात आहेत? श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत असतील, तर त्या फॉन्टाशिवाय दुसऱ्या मशिनवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी चित्रं बसवलेली असतात, आणि फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. एका मंडळाचे पंचवीस वर्षांचे इतिवृत्तांत असेच एका पेन ड्राइव्हवर ‘वाया गेलेत’ म्हणून माझ्याकडे आले होते. वाया काही गेलं नव्हतं. फॉन्ट ओळखला, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत आणले आणि जोडाक्षरं हातानं तपासली. असलं काम घरात असेल तर प्लॅटफॉर्म (विंडोज, मॅक की लिनक्स) बदलायच्या आधी फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. पानं मांडायच्या पेजमेकरवर आणि श्रीलिपीवर रोजचा धंदा असेल, तर विंडोज सोडू नका.

नवीन लिहायचं तर युनिकोडच. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठी ठरलेली अक्षरांची मांडणी) विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं मिळतो, त्यामुळं एकदा बोटात बसला की मशिन बदललं तरी पुन्हा शिकायला लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहायची सवय असेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमधून भाषा जोडा, बाहेरचं काही टाकायला नको.

दुकानातच मशिनवर मराठी चालू करून एवढं लिहून बघा: ‘दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आल्यावर कोल्हापूरच्या शाळेतल्या ज्ञानदा ऑफिसात गेल्या.’ ‘ऱ्या’मधला आडवा र, ‘ॲ’वरची चंद्रकोर, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे बघा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळं जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी नुसता चौकोन दिसतो. मग हेच वाक्य फोनवर पाठवा आणि तिकडं कसं दिसतं ते बघा.

पाचवी पायरी: दुकानात

रॅम आठ जीबीच्या खाली घेऊ नका, सोळा परवडली तर सोळा. डिस्क एसएसडीच हवी, २५६ जीबीपासून पुढं. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागेचे स्वस्त विंडोज लॅपटॉप दिसतात; विंडोज ११ ला किमान तेवढंच लागतं, म्हणजे तुमच्या फोटोंना आणि पुढच्या अपडेटना जागाच उरत नाही.

काही लॅपटॉप ‘डॉस’ म्हणून चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतात. त्यात विंडोज नसतं. मग दुकानदार म्हणतो, ‘ताई, समदं टाकून देतो, काळजी करू नका.’ माझ्या पहिल्या कॉम्प्युटरवर एका दुकानदारानं असंच सगळं टाकून दिलं होतं. काही महिन्यांनी स्क्रीन काळी झाली, ‘ही प्रत अस्सल नाही’ असं लिहून यायला लागलं, आणि ऐन लग्नसराईत माझं काम चार दिवस अडकलं. चोरीच्या प्रतीबरोबर आणखी काय आत आलंय हे कळायला मार्ग नसतो. विंडोज हवं असेल तर परवान्यासह आलेलं मशिन घ्या. डॉसवाला घ्यायचा असेल तर तो लिनक्स टाकण्यासाठी घ्या. तिथं ते पैसे खरोखर वाचतात.

पैसे द्यायच्या आधी विचारा: बिघडलं तर दुरुस्ती कोल्हापुरातच होते की मशिन पुण्याला जातं? किती दिवसांनी परत येतं? माणूस घरी येतो का? महागाच्या मशिनला हा प्रश्न जास्तच विचारा. बिलावर मशिनचा सिरियल नंबर लिहून घ्या.

सहावी पायरी: दुसरी प्रत, आणि ती दुसऱ्या घरात

कुठलाही प्लॅटफॉर्म घ्या, एक बाहेरची हार्ड डिस्क सोबतच घ्या. ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅकला वाचता येतं, पण बाहेरची मदत घेतल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट विंडोज, मॅक, लिनक्स तिघांनाही चालतं. उद्या प्लॅटफॉर्म बदलायचं ठरवलं तर तुमचा माल अडकून पडत नाही. ऑनलाइन जागाही वापरा: गुगल पंधरा जीबी फुकट देतं, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड पाच-पाच. घरातले कागद, प्रमाणपत्रं त्यात सहज बसतात. फोटोंना डिस्कच हवी.

ऑगस्ट २०१९ ला पुराचं पाणी आलं, तेव्हा आम्ही दुकानातले कॉम्प्युटर टेबलांवर ठेवून घरी गेलो होतो. टेबलाच्या वर पाणी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तीन मशिनं गेली. अकरा वर्षांचं काम वाचलं, कारण एक हार्ड डिस्क राजारामपुरीत बहिणीच्या कपाटात होती. जुलै २०२१ ला परत पाणी आलं, त्या वेळी आम्ही फक्त टेबलं गमावली.

तेव्हापासून आमचा नेम असा आहे: जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण प्रत काढायची, ती एखाद्या दुसऱ्या मशिनवर उघडून चार-पाच फाइली तपासायच्या, आणि डिस्क बहिणीकडं पोचवायची. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. पाणी ३५ फुटांच्या पुढं गेल्याचं कळलं की लॅपटॉपही पिशवीत घालून वरच्या भागात जातो. तुमचं घर उंचावर असेल तर नदीकाठच्या एखाद्या नातेवाइकाची डिस्क तुम्ही ठेवून घ्या.